ताणावरची बाग: मे महिन्यातल्या नागपूरचे पाच दिवस

"ये, पण दुपारी बारा ते पाच घराबाहेर पाय टाकायचा नाही, हे आधी कबूल कर," मावशी फोनवर म्हणाली. मी कबूल केलं आणि तिकीट काढलं.

मी पुण्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. पाण्याचा ताण पडला की झाड काय करतं, हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. पानांची छिद्रं मिटतात, पानं गळतात, वाढ थांबते. मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरतात. मलाही आतून वाटत राहायचं, की हे आपण कधी जवळून पाहिलंय? जंगल पाहायला आपण पावसाळ्यात नाहीतर थंडीत जातो, झाडाचं सगळं बरं चाललेलं असतं तेव्हा. त्याची परीक्षा असते मे महिन्यात, आणि ती पाहायची तर विदर्भासारखी जागा नाही. मावशी चाळीस वर्षं नागपुरात आहे, तिच्या दिरांची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. एवढी सोय असताना न जाणं हाच आळस होता.

दिवस पहिला : धरमपेठ

रात्रीची गाडी सकाळी वेळेत पोचली. स्टेशनबाहेर पाय टाकला तेव्हा साडेनऊ वाजले होते आणि हवा आत्ताच तापलेल्या तव्यावरून आल्यासारखी लागत होती. ऑटोवाल्या भाऊंनी माझ्या उघड्या डोक्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, दुपट्टा बांधा. इथं फॅशन नाही ते, औषध आहे." मी निमूट बांधला.

मावशीच्या घरी कूलरला नवा वाळा लावला होता. ओल्या वाळ्याचा तो वास, माठातलं पाणी आणि कैरीचं पन्हं. दुपारभर आम्ही पडदे ओढून गप्पा मारत पडलो. बाहेर रस्ता इतका सुनसान की कर्फ्यू लागल्यासारखा. त्या दिवशी पारा ४४ च्या वर होता. नागपूरला त्याचं कौतुक नाही, २३ मे २०१३ ला इथं ४७.९ अंश नोंदले गेले होते.

संध्याकाळी साडेसहाला बाहेर पडलो. मावशीच्या फाटकासमोर दोन कडुनिंब आहेत, रस्त्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. दोन्ही तिनं नागपुरात आली त्याच वर्षी लावलेले, म्हणजे एकाच वयाचे. पलीकडचा रिकाम्या प्लॉटच्या मातीत उभा आहे. त्याची सावली इतकी दाट की खाली दोन गाई आणि एक उसाच्या रसाची गाडी आरामात मावते. अलीकडच्याला सहा वर्षांपूर्वी सिमेंट रस्ता झाला तेव्हा बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलं गेलं. मी त्याच्या बुंध्याभोवती हात फिरवला. साल आणि सिमेंट यांच्यात बोट जाईल एवढीसुद्धा फट नव्हती. एका बाजूनं तर खोड सिमेंटच्या कडेवर फुगून आलं होतं, घट्ट अंगठीच्या वर बोट सुजावं तसं. आणि वर पाहिलं तर शेंडा वाळलेला. वरच्या तीन फांद्या काटक्या झालेल्या, हिरवं जे काही होतं ते खालच्या निम्म्या भागात.

झाड वरून का वाळतं, याचं कारण पाणी चढण्याच्या रीतीत आहे. झाडाला पंप नसतो. पानातून बाष्प उडतं आणि खोडातल्या बारीक नळ्यांमधून पाण्याचा धागा वर ओढला जातो. मुळाशी पाणी कमी आणि हवेची ओढ जास्त झाली की धागा ताणला जातो, आणि एका मर्यादेनंतर नळीत हवेचा बुडबुडा शिरून तो तुटतो. तुटलेली नळी बहुधा निकामीच होते. सगळ्यांत जास्त ताण सर्वांत उंच फांदीला, म्हणून आधी जातो तो शेंडा. कडुनिंबासारखं काटक झाडसुद्धा असं वाळतं, कारण पावसाचं पाणी त्याच्या मुळापर्यंत जातच नाही, सिमेंटवरून वाहून नाल्यात जातं. उन्हाळ्यात तहान, आणि पावसाळ्यात २३ सप्टेंबर २०२३ सारखा पूर. त्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नागपुरातल्या कित्येक वस्त्यांत पाणी शिरलं होतं, ते मावशीनं डोळ्यांनी पाहिलंय. पाणी जमिनीत जायला जागा नाही, ही दोन्ही दुखण्यांची एकच गोष्ट.

मावशीनं झाडाभोवती आळं मोकळं करून मिळावं म्हणून दोनदा अर्ज दिले. पोच मिळाली, माणूस आला नाही. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्येच झाडाभोवतीचं एक मीटर काँक्रीट काढायला सांगितलं होतं. प्रत्येक शहरानं हे आपणहून का करू नये, हे मला खरोखर कळत नाही. एका माणसाचं अर्ध्या दिवसाचं काम आहे ते.

मावशी रोज भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी त्या झाडाच्या बुंध्याशी ओतते. एक गोष्ट मात्र मी तिला थांबवायला सांगितली, कूलरच्या टाकीच्या तळाचं पाणी. ते आठवडाभर आटत राहतं आणि क्षार मागे उरतात. तहानलेल्या झाडाला खारट पाणी देणं म्हणजे तहान वाढवणं. तुमच्याकडेही कूलर असेल तर हे लक्षात ठेवा.

दिवस दुसरा : गोरेवाडा

पहाटे पाचला उठलो. उन्हाळ्यात नागपूर पाहायचं तर पाच ते साडेआठ आणि संध्याकाळी साडेसहानंतर, मधला वेळ विसरून जायचा. पाण्याच्या बाटल्या माणशी दोन, मीठ-साखर-लिंबू सोबत, पायात पूर्ण बूट. मावशीनं माझ्या खिशात कांदा टाकला. कांद्यानं लू लागत नाही असं इथं सगळेच मानतात. मी तो काढला नाही.

गोरेवाड्याचं जंगल शहराला लागूनच आहे, तलाव आणि पायवाटा आहेत. मावशीच्या ओळखीचे एक निवृत्त वनपाल सोबत आले. सगळे त्यांना काकाच म्हणतात. चालताना काका बोलत नाहीत. थांबले की बोलतात.

पहिल्यांदा थांबले ते एका उघड्या माळावर. जमीन फाटली होती, दुसरा शब्दच नाही. काळ्या मातीला पडलेल्या भेगा इतक्या रुंद की माझी पाण्याची बाटली आडवी आत गेली असती. काकांनी एक वाळकी काडी आत सोडली, हातभर गेली. "आता इथं वाकून पाहा," ते म्हणाले. भेगेच्या दोन्ही भिंतींमधून केसासारखी मुळं बाहेर लोंबत होती, मधोमध तुटलेली. काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळली की आक्रसते. आक्रसताना बारीक मुळं ओढून तोडते. म्हणजे इथल्या झाडाला नुसती तहान सोसायची नाही, पायाखालची जमीन सरकते तेही सोसायचं आहे. पुस्तकात मी हे कधी वाचलं नव्हतं, शिकवणं तर दूरच.

अशा जमिनीत टिकतो तो पळस. मी पळस पाहिला होता तो फेब्रुवारी-मार्चमधला, केशरी पेटलेला. मे महिन्यातला पळस कुणी पाहत नाही. आजूबाजूला सगळं करड्या रंगाचं, आणि याला नवी कोरी पानं. हात लावला तर मऊ लव, मांजराच्या कानासारखी. पाऊस पडायला अजून तीन आठवडे असताना हे झाड पानं काढतं कशाच्या जोरावर? काकांनी पायानं जमीन ठोकली. "खालच्या. वरची माती मेली तरी याचं मूळ खाली कुठंतरी ओलाव्याला टेकलेलं असते." पळस, कुसुम, करंज, तेंदू हे सगळे पावसाची वाट न पाहता पालवतात. पहिला पाऊस पडतो तेव्हा यांचं दुकान उघडलेलंच असतं, एक दिवसही वाया जात नाही.

मग त्यांनी मला तेंदूचं एक रोप दाखवलं. वीतभर उंच, चार पानं. "वय किती असंल?" मी म्हटलं, एक वर्ष, फार तर दोन. काका म्हणाले, दहाही असू शकतं. दर उन्हाळ्यात वरचं रोप वाळून जातं, कधी वणवा जाळतो, आणि पावसाळ्यात मुळापासून पुन्हा फुटतं. वर्षानुवर्षं वर काही दिसत नाही, खाली मूळ मात्र जाड होत जातं. एका वर्षी मुळाची शिदोरी पुरेशी झाली की शेंडा उन्हाळ्यातून तरतो आणि झाड उभं राहतं. सागाच्या रोपाचंही असंच. मी त्या चार पानांकडे बराच वेळ पाहत उभी राहिले. वृक्षारोपणात आपण रोप लावतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात वाळलं की "मेलं" म्हणून उपटून फेकतो. खालचं मूळ जिवंत आहे का, हे कुणी पाहत नाही.

परतताना घाणेरीचं रान लागलं, तेही बऱ्यापैकी वाळलेलं. काका म्हणाले, हिची काळजी करू नका, पाऊस आला की ही सगळ्यांच्या आधी उठते आणि गवताची जागा खाते. दुष्काळानंतर जंगल परत उभं राहतं खरं, पण पूर्वी होतं तसंच राहतं असं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

साडेआठला तर्री-पोहे. तर्री जपून मागा, पहिल्यांदा खाणाऱ्याला ती सोसत नाही. वर कच्चा कांदा आणि चण्याची उसळ. घामाघूम होऊन खाल्लं आणि घरी येऊन दुपारभर झोपले.

दिवस तिसरा : काटोलकडची बाग

या दिवसासाठीच सगळा प्रवास केला असं आता वाटतं.

नागपूरहून काटोल साधारण साठ किलोमीटर. मावशी सोबत होती. सहाला निघालो आणि उन्हं चढायच्या आत बागेत पोचलो. मावशीचे दीर ओट्यावर वाट पाहत होते. मी त्यांनाही काकाच म्हणते. चहा झाल्याबरोबर म्हणाले, "चल बेटा, आधी बाग पाहून घे. मंग ऊन बोलू देत नाही."

बागेच्या मधोमध एक धुरा, म्हणजे बांध, आहे. धुऱ्याच्या डावीकडची झाडं हिरवीगार, खाली ठिबकच्या नळ्या, आळ्यात गवताचं आच्छादन, पानांआड लिंबाएवढी हिरवी फळं. उजवीकडची पाहून मला धस्स झालं. पानं कोमेजून आत वळलेली, पिवळट, खाली सडा पडलेला. मी विचारलं, "काका, यांना काय रोग लागला?"

"रोग नाही. ताण देल्लाय."

संत्र्याचे बहार दोन. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ दिवाळीच्या सुमारास निघतं. मृग बहाराची फुलं पावसाळ्याच्या तोंडाशी, फळ पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. ज्या झाडावर मृग घ्यायचा त्याचं पाणी उन्हाळ्यात मुद्दाम तोडायचं. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या मातीत दीड-दीड महिना लागतो. झाडाची नवी पालवी थांबते, साखर आणि पिष्ट फांद्यांत साठत जातं. मग मृगाचा पाऊस पडला, की साठवलेलं सगळं एकदम फुलांवाटे बाहेर येतं.

"झाडाले तहान लागली पाहिजे," काका म्हणाले. "तहान नाही लागली तं ते नुसती पानं काढत बसते. सुखात कोन फुलते?"

मी इतकी वर्षं 'ताण' हा शब्द अडचण म्हणून शिकवत आले. इथं तो अवजार होता, वखरासारखा. काका रोज सकाळी एकेका झाडाजवळ जाऊन पान बोटांत धरतात. सकाळच्या गारव्यातही पान वळलेलंच राहिलं, साधारण पाव हिस्सा पानं गळली, की ताण पुरेसा बसला. त्यापुढं गेलं तर फांदी वाळायला लागते. त्यांनी माझ्या हातात दोन पानं दिली, एक धुऱ्याच्या डावीकडचं, एक उजवीकडचं. डावीकडचं चामड्यासारखं गार. उजवीकडचं कोमट, पापडासारखं. दुमडल्यावर कडेला मोडलं, पण मधली शीर वाकली, तुटली नाही. "हे पाहून ठेव," ते म्हणाले. "शीर मोडली का गेलं. वाकते तोपर्यंत जित्तं हाय."

काकांची काळजी मात्र ताणाची नव्हती. ताण त्यांच्या वडिलांपासून देत आले आहेत. काळजी वेळेची. गेल्या काही वर्षांत मे महिन्यात मधेच अवकाळी पाऊस येऊन पडतो. महिनाभर ताणलेल्या झाडाला वाटतं मृग आला. ते जागं होतं, पण साठा पुरा झालेला नसतो, म्हणून फुलाऐवजी नवती, म्हणजे नुसती पालवी, फुटते. बहार हातचा जातो आणि पुन्हा ताण द्यायला दिवस उरत नाहीत. आणि उलटही होतं. ताण पुरता बसलेला, झाड काठावर आलेलं आणि मृग कोरडा. मग पाणी विहिरीचं द्यायचं, विहिरीत असेल तर. २०१९ च्या उन्हाळ्यात काटोल, नरखेड, वरुड या पट्ट्यात संत्र्याच्या बागाच्या बागा वाळल्या. काकांची तेव्हा साठ झाडं गेली. ती ज्या कोपऱ्यात होती तिथं ते मला घेऊन गेले. आता तिथं तूर घेतात. तिथं उभं राहून ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

नवी लागवड त्यांनी रंगपूर लिंबाच्या खुंटावर केली आहे. जुनी सगळी जंबेरीवर होती. वर संत्रा एकच, पण मूळ कुणाचं यावर तहान किती सोसेल ते ठरतं, आणि रंगपूर पाण्याच्या ताणाला अधिक काटक. कलमं नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतून आणलेली. बुंध्यांना पावसाआधीचा बोर्डो मलम, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावून झाला होता, निळसर पांढरे मोजे घातल्यासारखी दिसत होती झाडं.

आणि डावीकडची हिरवी बाग? तीही सुखात नव्हती. आळ्यात गोट्यांएवढी गळलेली फळं पडलेली होती, मी ओंजळभर वेचली. पाणी भरपूर असूनही फळं का गळतात, असं विचारल्यावर काका म्हणाले, "पाणी खाली हाय, आग वर हाय." हे अगदी खरं आहे. ४५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेच्या जवळजवळ तिप्पट बाष्प मावून घेऊ शकते. म्हणजे तिची तहान तितकी मोठी. मुळाशी पाणी असलं तरी नळ्यांमधून ते तेवढ्या वेगानं वर चढत नाही. झाड छिद्रं मिटून घेतं, मग अन्न तयार होणं थांबतं, आणि पोसवत नाहीत ती फळं सोडून देतं. रात्री पारा उतरला तर झाड दिवसाची तूट भरून काढतं. पण नागपुरात त्या आठवड्यात रात्रीही तो तिशीच्या आसपास होता.

दुपारी आंब्याचा रस आणि काकूंच्या हातचे सरगुंडे. संध्याकाळी गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी. कुठंतरी पावशा ओरडत होता. काकू म्हणाल्या, "लवकर ओरडून राहिला मेला, अजून वेळ हाय." सगळं घर आभाळाकडे कान लावून होतं, आणि पाऊस यावा अशी नव्हे, *आत्ता* येऊ नये अशी प्रार्थना करत होतं.

बागा पाहायला जायचं असेल तर कुणाच्या तरी ओळखीनं आणि सकाळीच जा. ताणावरच्या बागेत हौसेनं झाडाला पाणी घालू नका. हसू नका, काका म्हणाले की शहरातल्या एका पाहुण्यानं दयेपोटी बाटली ओतली होती.

दिवस चौथा : सिल्लारी

पेंचच्या सिल्लारी फाटकाला नागपूरहून दीड-दोन तास. सफारीचं आरक्षण आधी ऑनलाइन करून ठेवा, साप्ताहिक सुट्टीचा वार पाहून घ्या, ओळखपत्राची मूळ प्रत सोबत ठेवा. एवढं पुरे.

दुपार खोलीत काढून साडेचारला गावातल्या एका तरुण गाईडबरोबर जंगलाच्या कडेनं चालायला निघाले. साग पूर्ण निष्पर्ण. सुपाएवढी वाळकी पानं जमिनीवर, प्रत्येक पावलाला कडकड आवाज. समोरून येणारं एक कुटुंब म्हणत होतं, "काहीच नाही हो, सगळं जंगल मेलंय." मला त्यांना थांबवून सांगावंसं वाटलं.

सागाच्या लाकडातल्या नळ्या रुंद असतात. पावसाळ्यात भरभरून पाणी ओढायला उत्तम, कोरड्या दिवसांत धोक्याच्या, कारण रुंद नळीत बुडबुडा लवकर शिरतो. म्हणून साग जुगार खेळत नाही. पानातलं नत्र-स्फुरद परत फांदीत ओढून घेतो आणि पान सोडून देतो. उष्ण प्रदेशातल्या झाडांच्या पानांत प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा सरासरी ४६.७ अंशांच्या आसपास कोलमडायला लागते, असं २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडलं. हे तापमान पानाचं, हवेचं नव्हे. भर उन्हातलं, घाम न गाळणारं पान हवेपेक्षा तापतं. ज्याला पानच नाही त्याला ही भीती नाही.

चेकपोस्टजवळ सागाचा एक जुना कापीव ओंडका बसायला ठेवला होता. त्यावरची वर्तुळं मी बोटानं मोजत बसले. साग हे उष्ण प्रदेशातल्या अशा मोजक्या झाडांपैकी आहे ज्यात वर्षाचं वर्तुळ स्पष्ट उमटतं. आमच्या पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत याच वर्तुळांवरून जुन्या काळातल्या पावसाचा माग काढतात. चांगल्या पावसाचं वर्तुळ रुंद, दुष्काळाचं अरुंद. एका ठिकाणी चार वर्तुळं इतकी दाटीनं होती की नखानंसुद्धा वेगळी करता येईनात. त्यानंतरचं एकदम बोटभर. तो पाऊस पडला तेव्हा या झाडाला काय वाटलं असेल!

गाईडनं नंतर दाखवला तो कुलू. संध्याकाळच्या उजेडात पांढराशुभ्र, एकही पान नाही, भुताचं झाड म्हणतात ते याला. त्याची साल कागदासारखी सुटते. सुटून लोंबणारा एक पापुद्रा त्यानं हलकेच बाजूला केला, आणि खाली हिरवं. कच्च्या कैरीसारखं हिरवं. हा कुलू पानं टाकूनही खोडानं थोडंफार अन्न करत राहतो, आणि पांढरी साल ऊन परतवते. सालईचंही असंच. येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, खोडात पाणी साठतं हेही त्यानं सांगितलं. "आमचा आजा फुगवटा पाहून ओळखे, कोणत्या येनात पाणी आहे ते. आता कोणाले येत नाही." एकाच उन्हाळ्यात शेजारी शेजारी उभी असलेली चार झाडं, आणि चौघांचे उपाय चार. एक पान टाकतो, एक खोडात साठवतो, एक खाली खोल जातो, एक साल पांढरी करून बसतो. जंगल मिश्र का असावं, याचं याहून सोपं उत्तर मला माहीत नाही.

रात्री तारे पाहायचे होते. पेंच हे जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' जाहीर झालं. पण सातला पश्चिमेकडून धुळीची भिंत उठली. पत्रे वाजायला लागले, दिवे गेले, आणि मग टपोरे थेंब. अर्धा तास धो धो. मी अंगणात जाऊन उभी राहिले. चार दिवसांच्या आगीनंतर तो गारवा, तो मातीचा वास, मी अक्षरशः रडायच्या बेतात होते.

आणि मग काका आठवले. उजवीकडची बाग.

रेंज यायला पाऊण तास गेला. फोन काकूंनी उचलला. "इथं नुसतं वारं हाय. चार थेंब पडले. ते ओट्यावर बसून हायेत." मागून काकांचा आवाज आला, "तिकडं पडला का? पडू दे, तिकडं पडू दे." मी फोन ठेवला आणि परत अंगणात गेले नाही.

दिवस पाचवा : सफारी, रामटेक, परत

पहाटेची सफारी. पाणवठ्यावर गवे, चितळ, एक नीलपंख. वाघ दिसला नाही आणि त्याची खंतही वाटली नाही, कारण धुतलेल्या जंगलात नजर झाडांवरच होती. मोहाला तांबूस नवी पालवी होती आणि टोळ, म्हणजे मोहाची फळं, लागली होती. चारोळीची काळी-जांभळी फळं गाईडनं बोटानं दाखवली. नाल्याच्या काठी कहू, म्हणजे अर्जुन, पूर्ण हिरवा, पाय पाण्याशी असल्यामुळे निर्धास्त.

रात्रीच्या पावसानं सगळे खूश होते. गाईड तेवढा गप्प होता. त्यानं एका सागाच्या फांदीकडे बोट केलं, कोंब टपोरले होते. "असे एक-दोन पाऊस अजून झाले का हा फुटंल. अन् मंग पंधरा दिवस कोरडे गेले तं कोवळी पानं करपतील. पुन्हा फुटाले ताकद लागते." साग पावसाच्या इशाऱ्यावर पालवतो. इशारा खोटा निघाला तर शिदोरी वाया. काकांच्या बागेतलीच गोष्ट, फक्त इथं फोन करून विचारणारं कुणी नाही.

परतताना रामटेकला गडावर तासभर थांबलो. तोवर फरश्या तापल्या होत्या. अनवाणी चढायचं असेल तर उजाडताच जा, माकडांपासून पिशवी सांभाळा. वरून चारी दिशांना करडं जंगल आणि मधूनमधून बहाव्याचे पिवळे ठिपके दिसतात. मावशी म्हणाली, बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस. तिनं बोटांवर दिवस मोजले.

संध्याकाळी गाडीत बसले. पिशवीत काकूंनी दिलेल्या कुरड्या, आणि वहीत दाबलेली ती दोन पानं.

हे लिहायला बसले ते जूनमध्ये. १६ तारखेला काकांना फोन केला. मृग अर्धा सरला होता आणि तिकडे नुसते ढग येऊन जात होते. मी विचारलं, मग आता?

"सकाळच्याला पान धरून पाह्यलं," ते म्हणाले. "धुऱ्याकडच्या दोन ओळीत शीर मोडाले लागली. तेवढ्याले ठिबक सोडलं, हलकं. बाकीच्याले अजून चार दिवस थांबतो."

विहिरीत पाणी किती आहे, मी विचारलं.

"त्या दोन ओळींपुरतं हाय."